आधी परीक्षा, मग दीक्षा

दासबोधाच्या पाचव्या दशकात समर्थ रामदासांनी लावलेला क्रम विचार करण्यासारखा आहे. पहिल्या समासात गुरू का हवा याचा निश्चय, दुसऱ्यात गुरू कसा ओळखावा याची लक्षणे, तिसऱ्यात शिष्य कसा असावा आणि त्यानंतर चौथ्यात उपदेश. म्हणजे गुरूची गरज मान्य करून झाली आहे, पण शिष्याकडे निष्ठा मागायची अजून बाकी आहे, अशा जागी रामदास परीक्षा ठेवतात. या दुसऱ्या समासात गुरूंची भलीमोठी यादीच येते. मंत्र देणारे, यंत्र-तंत्र शिकवणारे, कुळाचा गुरू, राजाचा गुरू, इतकेच काय, तालमीतला वस्तादसुद्धा तिच्यात आहे. करामत दाखवणाऱ्यालाही लोक गुरू म्हणतात, पण मोक्ष देणारा सद्गुरू तो नव्हे, असे ते बजावतात. शिष्याला साधनाला न लावणारे, इंद्रिये आवरायला न सांगणारे गुरू अडक्याला तीन या भावाने मिळाले तरी टाकून द्यावेत, इथपर्यंत त्यांची भाषा जाते. गुरूवाचून ज्ञान नाही असे ठासून सांगणारा ग्रंथच गुरूला असा बाजारभाव लावतो. आपल्याला यात विसंगती वाटते, याचे कारण श्रद्धा आणि चिकित्सा यांचे वैर आपण गृहीतच धरलेले असते. रामदासांनी ते धरलेले नाही.

आज या प्रश्नावर दोन पक्ष दिसतात. एक म्हणतो, गुरूची परीक्षा पाहणे हेच पाप. शरण जायचे तर डोळे मिटून. दुसरा म्हणतो, गुरू करणे म्हणजेच बुद्धी गहाण ठेवणे. ज्याला विचार करता येतो त्याला गुरू कशाला? वरवर हे एकमेकांचे शत्रू, पण एका गोष्टीवर दोघांचे एकमत आहे: श्रद्धा आली की बुद्धीने घराबाहेर पडायचे. मराठी मुलखाचा सात-आठशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हे एकमत टिकत नाही. या इतिहासात श्रद्धा आणि बुद्धी यांची निम्मी-निम्मी वाटणी झालेली नाही. कामे वाटली गेली आहेत. गुरू पारखण्याचे काम बुद्धीचे, साधनाला चिकटून राहण्याचे काम श्रद्धेचे, आणि गुरू भलत्या वाटेला लागला तर त्याला सोडण्याचा हक्क पुन्हा बुद्धीचा. अनर्थ झाला तो श्रद्धा जास्त झाली म्हणून नव्हे. निवड करण्याची मोकळीकच गेली, जन्माने, कर्जाने किंवा जातीच्या धाकाने गुरू ठरू लागला, तेव्हा तो झाला. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे, आणि त्याचा पुरावा दोन्ही बाजूंनी मिळतो.

परीक्षेची ही कल्पना इंग्रजी शिक्षणाबरोबर आलेली नाही. मुंडकोपनिषदाने गुरूसाठी दोन अटी घातल्या: तो श्रुती जाणणारा हवा आणि ब्रह्मनिष्ठही हवा. नुसते पांडित्य नको आणि नुसता अनुभवाचा दावाही नको. भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याचे तीन मार्ग एकत्र सांगितले आहेत: नमस्कार, प्रश्न आणि सेवा. पुढच्या काळात पहिला आणि तिसरा सगळ्यांनी उचलून धरला. मधला सोयीने मागे पडला. तंत्रग्रंथ तर गूढाचे भांडार, पण तिथेही दीक्षेआधी गुरूने शिष्याची आणि शिष्याने गुरूची परीक्षा घ्यावी, त्यासाठी वर्षभर किंवा अधिक काळ सहवास करावा, असा नियम आहे. शिष्याचे वित्त हरण करणारे गुरू पुष्कळ, संताप हरण करणारा दुर्मिळ, अशी तक्रार कुलार्णवतंत्र करते, आणि ज्ञानाची ओढ असलेल्या शिष्याला एका गुरूकडून दुसऱ्याकडे जाण्याची मुभाही देते. भागवताच्या अकराव्या स्कंधातला अवधूत याहून पुढे जातो. पृथ्वीपासून मधमाशीपर्यंत आपले चोवीस गुरू तो सांगतो, आणि हे गुरू आपण आपल्या बुद्धीने केले असेही सांगतो. त्याच अध्यायात माणसाचा पहिला गुरू तो स्वतःच, कारण प्रत्यक्ष पाहून आणि अनुमान करून त्याला आपले हित कळते, असे म्हटले आहे. एकनाथांनी याच स्कंधावर मराठी टीका लिहिली आणि ती १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली. दत्तसंप्रदायात या अवधूताला दत्तात्रेयच मानतात. गुरुभक्तीसाठी सर्वांत जास्त ओळखल्या जाणाऱ्या या संप्रदायाच्या मुळाशी स्वतःच्या बुद्धीने गुरू निवडणारा साधू आहे, ही गोष्ट नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

मराठी संतपरंपरेत शिरले की हाच सूर माणसांच्या चरित्रांतून ऐकू येतो. महानुभाव पंथातले म्हाइंभट हे विद्येचा ताठा असलेले पंडित. ते श्रीचक्रधरांकडे आले ते वाद घालायला, शरण जायला नव्हे. पुढे तेच अनुयायी झाले आणि चक्रधरांच्या प्रयाणानंतर ऋद्धिपुरात नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली त्यांनी लीळाचरित्र सिद्ध केले. ज्यांनी प्रसंग पाहिले त्यांच्याकडे जाऊन त्यांनी आठवणी गोळा केल्या, आणि एकाच प्रसंगाचे दोन तऱ्हांनी स्मरण होत असेल तर दोन्ही नोंदवले. वाद घालणारी बुद्धी अनुयायी झाल्यावर मेली नाही. ती पुरावा गोळा करण्याच्या कामी आली. नामदेवांची गोष्ट तर घरोघरी माहीत आहे. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यांवर थापटणे मारून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. मग नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले, तर हा गृहस्थ पिंडीवर पाय टाकून निजलेला. नामदेव रागावले. देव नसेल तिथे माझे पाय ठेव, असे विसोबांनी सांगितले आणि तशी जागा काही सापडेना. ही कथा इतिहास म्हणून घ्यायची गरज नाही. पण शेकडो वर्षे ती सांगणाऱ्या समाजाला काय योग्य वाटत होते, हे तिच्यातून कळते. नामदेव आक्षेप घेतात, तो घेतल्याबद्दल त्यांना शाप मिळत नाही, आणि गुरू त्यांना गप्प न करता उत्तर देतो.

बहिणाबाईंचे उदाहरण याहून भक्कम, कारण ते त्यांच्याच अभंगांतल्या आत्मचरित्रात आले आहे. वेरूळच्या बाजूला देवगावात ब्राह्मण कुळात जन्मलेली ही स्त्री लहानपणीच वयाने खूप मोठ्या बिजवराला दिलेली. कोल्हापुरात असताना जयरामस्वामींच्या कीर्तनांतून तुकोबांचे अभंग तिच्या कानांवर पडले, त्यांचा ध्यास लागला, आणि पुढे स्वप्नात तुकोबांनी उपदेश केला. नवऱ्याला हे सोसवले नाही. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावे, यावरून त्याने तिला मारहाण केली, घर सोडून जायची भाषा केली. पुढे त्याचे मन पालटले, दोघे देहूला गेले, तर तिथे मंबाजी गोसाव्यांचा जाच. यावर कोणी म्हणेल, स्वप्नात मिळालेल्या दीक्षेत बुद्धीचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो स्वप्नाच्या आधी आहे. या बाईने गुरूचे दर्शन घेण्याआधी त्याचे बोलणे ऐकले, ते मनात घोळवले, ते खरे वाटले म्हणून माणूस स्वीकारला. गुरू ठरवताना जन्म पाहायचा की ज्ञान, हा प्रश्न तिने टाळला नाही. ब्राह्मण म्हणजे देह, की जात, की कर्म, की ज्ञान, असा एकेक पर्याय तपासत जाणारा वज्रसूची या संस्कृत ग्रंथातला तर्क तिने मराठी अभंगांत मांडला. त्याच शतकातले श्रीगोंद्याचे शेख महंमद हे मुसलमान असूनही वारकऱ्यांच्या संतमालिकेत बसले, आणि ढोंगी गुरूंवर त्यांनी सडकून लिहिले. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात मंत्र दिला, पण तुकोबांच्या गाथेत पोटभरू गुरूंची जेवढी हजेरी घेतलेली आहे तेवढी नास्तिकानेही घेतली नसेल. निवड खरी होती म्हणून तिची किंमत मोजायची तयारीही खरी होती.

आता पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप. गुरुचरित्र आणि गुरुगीता निःशेष शरणागती मागतात. नृसिंह सरस्वतींच्या चरित्रात धौम्य ऋषींच्या शिष्यांची कथा येते. तिथे परीक्षा होते ती शिष्याची, गुरूची नव्हे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात आचार्योपासनेचे जे लांबलचक वर्णन आहे, त्यात गुरूच्या दारातले सगळे काही आपणच व्हावे इथपर्यंत शिष्याचे मनोरथ जातात. मग चिकित्सेला जागा कुठे उरली? हा आक्षेप खोटा नाही. हे ग्रंथ तसे बोलतात हे खरेच आहे. पण ते कोणाशी बोलतात हे पाहिले पाहिजे. ज्याने गुरू केला आहे, ज्याला साधनात अडखळायला होते, कंटाळा येतो, शंका छळतात, अशा माणसाशी ते बोलत आहेत. ज्ञानेश्वरांचे गुरू निवृत्तिनाथ हे त्यांचे थोरले बंधू. त्यांचे राहणे, बोलणे, हालअपेष्टा हे सगळे त्यांनी जन्मापासून जवळून पाहिले होते. ओळख इतकी पुरती असल्यावर भक्तीला आवर घालायचे कारण उरत नाही. शरणागतीचे हे ग्रंथ दीक्षेनंतरच्या माणसाला दिलेले असताना, ते दीक्षेआधीच्या माणसाच्या गळ्यात घालायचे, ही चलाखी नंतरची. शिवाय गुरुगीतेच्या विस्तृत पाठातच ज्ञान नसलेला, खोटे बोलणारा, ढोंग करणारा गुरू टाकावा असे सांगितलेले आहे. कर्तव्य-अकर्तव्य न जाणणाऱ्या, आडवाटेला गेलेल्या गुरूलाही शासन करावे, हा विचार महाभारतात आहे. शरणागतीच्या वाङ्मयातही बाहेर पडायचा दरवाजा असा उघडा ठेवलेला दिसतो.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. शिष्य अज्ञानी म्हणून तर तो गुरूकडे जातो. मग अज्ञानी माणूस ज्ञान्याची परीक्षा कशी घेणार? तसे करता आले असते तर गुरूची गरजच पडली नसती. यातली चूक अशी की परीक्षा कशाची, हे आक्षेप घेणारा ठरवतच नाही. गुरूला आत्मसाक्षात्कार झाला आहे का, हे शिष्याला कळणार नाही. ते कळायलाही नको. रोग्याला वैद्यक येत नसते, पण ताप उतरला की चढला हे त्याला सांगता येते, आणि वैद्य औषधाऐवजी घरदार लिहून मागू लागला तर तेही कळते. रामदासांची लक्षणे नेमकी अशी बाहेरून दिसणारी आहेत. हा माणूस विषयांचा लोभी आहे का, मनात कामना ठेवून मंत्रतंत्राची दुकानदारी करतो का, शिष्याला कष्टाच्या साधनाला लावतो की फुकटच्या आश्वासनावर ठेवतो? मनाच्या श्लोकांतही लाखो-कोटी गुरूंच्या गर्दीतून चेटूक करणारे, निंदक, मत्सरी असे वगळत वगळत ते खऱ्या गुरूकडे येतात. दासबोधाच्या दहाव्या दशकात प्रचीतीवर एक अख्खा समास आहे, आणि व्यवहारात जिन्नस पारखून घेणाऱ्या माणसाने परमार्थ मात्र न पारखता घ्यावा, हे रामदासांना मान्य नाही. अज्ञानी माणसाला जेवढी परीक्षा करता येते तेवढीच ते त्याच्याकडे मागतात, आणि तेवढी पुरते.

मग ही परीक्षा सुटली कुठे? एक वाट गादीची होती. संताच्या मागे मठ, मठाला इनाम, इनामाला वारस. रामदास स्वतः अविवाहित, पण चाफळची गादी पुढे त्यांच्या थोरल्या बंधूंच्या वंशाकडे गेली. वारसाने जमीन चालवता येते. ज्ञान चालवता येते की नाही हे कोणी तपासायचे, हा प्रश्न मागे राहिला. दुसरी वाट सत्तेची होती, आणि तिचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी. १७२७ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीच्या एका सरदाराने कोकणातल्या परशुरामच्या देवस्थानावर हल्ला केला, त्यानंतर स्वामी घाटावर साताऱ्याजवळ धावडशीला येऊन राहिले. छत्रपती शाहू, पहिले बाजीराव, चिमाजी अप्पा, आंग्रे असे तेव्हाचे मातब्बर त्यांना गुरू मानत. आणि हे स्वामी आपल्या शिष्यांना व्याजाने कर्ज देत. सावकार आणि शिलेदारांच्या तगाद्याने आपण नरकात पडलो आहोत, त्यांच्या पाया पडता पडता कपाळाचे कातडे झिजले, असे पराक्रमी बाजीरावाने ज्यांना लिहिले ते हेच स्वामी. १७४५ मध्ये ते वारले. पुढे इतिहाससंशोधकांपैकी पारसनीसांनी त्यांचे चरित्र गौरवाने लिहिले, तर राजवाड्यांनी त्यांच्या थोरवीबद्दल परखड शंका घेतल्या. स्वामींनी देवळे, विहिरी बांधल्या, सिद्दीविरुद्ध मोहिमेसाठी ते पेशव्यांना आणि छत्रपतींना डिवचत राहिले. त्यांना ढोंगी ठरवून हात झटकणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. पण गीतेने सांगितलेला मधला मार्ग या नात्यात बंद झाला होता. ज्याचे कर्ज आपल्या डोक्यावर आहे, ज्याच्या शब्दाने दरबारात आपले पारडे वर-खाली होते, त्याला प्रश्न विचारता येत नाही. बाजीरावाच्या पत्रांत भक्ती आहे आणि अजिजी आहे. यांतली कुठली शिष्याची आणि कुठली ऋणकोची, हे सांगता येत नाही.

गादी, पैसा आणि जातीचा धाक हे तिन्ही एकत्र आले की काय होते, हे मुंबईने १८६२ मध्ये कोर्टात पाहिले. वल्लभाचार्यांच्या पुष्टिमार्गात गुरुपद त्यांच्या वंशातल्या महाराजांकडेच असे, आणि मुंबईच्या भाटिया-वाण्या कुटुंबांचा गुरू जन्मानेच ठरलेला असे. करसनदास मुळजी हा त्याच समाजातला, एल्फिन्स्टनमध्ये शिकलेला तरुण. २१ ऑक्टोबर १८६० च्या 'सत्यप्रकाश'मध्ये त्याने हिंदूंचा मूळ धर्म आणि हल्लीचे पाखंडी पंथ यांची तुलना करणारा लेख लिहिला आणि महाराजांवर स्त्री-भक्तांशी अनाचाराचा उघड आरोप केला. जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजार रुपयांची अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. त्याआधीच महाराजांना कोर्टात खेचणार नाही, त्यांच्याविरुद्ध लिहिणार नाही, अशा करारावर वैष्णवांच्या सह्या घेतल्या गेल्या होत्या. सुधारकांनी त्याला गुलामीखत म्हटले. कोणी साक्ष देऊ नये म्हणून भाटियांच्या पुढाऱ्यांनी एकी केली, तेव्हा त्या कटाबद्दल त्यांच्यावर वेगळा खटला होऊन दंड झाला. जानेवारीत सुनावणी सुरू झाली. मूळचे गोव्याचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी महाराजांच्या गुप्तरोगांबद्दल वैद्य म्हणून साक्ष दिली. २२ एप्रिल १८६२ रोजी निकाल लागला, करसनदासाचे आरोप सिद्ध मानले गेले आणि खर्चापोटी साडेअकरा हजार रुपये त्याला देवविले गेले. या खटल्याकडे नेहमी बुद्धिवादाचा श्रद्धेवर विजय म्हणून पाहिले जाते. पण करसनदास स्वतः वैष्णव घरातला होता, आणि त्याचा युक्तिवाद धर्माच्या बाहेरचा नव्हता. मूळ धर्मात हे बसत नाही, असे तो म्हणत होता. ज्या परीक्षेला दासबोधात एक समास पुरला, तीच करायला इथे वर्तमानपत्र, वकील आणि न्यायासन लागले. शिष्याला निवडीचा हक्क होता तिथे काम थोडक्यात आटोपत असे. तो हक्क गेल्यावर ते इतके महाग झाले.

अशा अनुभवानंतर गुरूची संस्थाच काढून टाकावी, असे काहींना वाटले, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने देव आणि भक्त यांच्यामध्ये अवतार किंवा प्रमाणग्रंथ यांची मध्यस्थी मानली नाही. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ पासून निर्मिकाच्या भक्तीसाठी दलाल नको ही भूमिका घेतली. इथे तिसरा आक्षेप उभा राहतो: विवेक पुरेसा असेल तर गुरू कशाला? उत्तर त्या सुधारकांच्याच वागण्यात थोडेफार मिळते. प्रार्थना समाजातल्या न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर यांनी गुरू नाकारला, पण प्रार्थनेला तुकोबांचे अभंग घेतले. म्हणजे त्यांनीही शिकवणारा निवडलाच, फक्त तो देहात नव्हता. वारकऱ्यांनी हाच प्रश्न दुसऱ्या रीतीने सोडवला होता. वारकरी होताना फडावरच्या महाराजांच्या हातून तुळशीची माळ घालतात, पण त्या वेळी माणूस बांधला जातो तो महाराजांच्या मर्जीला नव्हे, तर वारी, एकादशी, मांस-मद्य वर्ज्य, खोटे न बोलणे अशा नेमांना. पाठीशी ज्ञानेश्वरी, गाथा, एकनाथी भागवत ही सगळ्यांना वाचता येणारी पुस्तके. महाराज काय सांगतात हे त्यांच्याशी ताडून पाहता येते. या व्यवस्थेतही जातीचे अडथळे होते, चोखोबांना ते भोगावे लागले, हे विसरून चालणार नाही. पण एका माणसाच्या हाती सगळी श्रद्धा एकवटू न देण्याची सोय तिच्यात होती. गाडगेबाबांनी तीच शेवटाला नेली. ते कोणाला शिष्य करत नव्हते, आणि त्यांचे कीर्तन म्हणजे समोरच्या लोकांना एकामागून एक विचारलेले प्रश्न असत. बोकड कापणे, कर्ज काढून सण करणे, शिवाशीव पाळणे यांबद्दल लोकांनाच उत्तर द्यायला लावून ते त्यांच्याच तोंडून निकाल वदवून घेत.

विवेक आणि गुरुनिष्ठा एकाच माणसात नांदल्याचे अलीकडचे उदाहरण इंचगिरी संप्रदायात सापडते. गुरुदेव रा. द. रानडे (१८८६–१९५७) यांनी तरुण वयात उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून नाम घेतले आणि जन्मभर ते चालवले. त्याच हाताने फर्ग्युसन कॉलेजात आणि अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवले आणि १९३३ मध्ये महाराष्ट्रातल्या संतांच्या साक्षात्काराची चिकित्सा करणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच परंपरेतले निसर्गदत्त महाराज मुंबईत खेतवाडीतल्या आपल्या घरी बसत. पोटापाण्याचा धंदा विडीच्या दुकानाचा. त्यांची मराठीतली संभाषणे मॉरिस फ्रिडमन यांनी इंग्रजीत आणली आणि १९७३ मध्ये 'आय अ‍ॅम दॅट' या नावाने ती जगभर गेली. हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत प्रश्नोत्तरांचे आहे. येणारे लोक आक्षेप घेतात, हट्टाने तोच प्रश्न पुन्हा विचारतात, कधी न पटल्याचे सांगून जातात. एवढे असूनही निसर्गदत्त आपल्या गुरूंबद्दल, सिद्धरामेश्वर महाराजांबद्दल, बोलतात तेव्हा पूर्ण विश्वासाने: गुरूंनी जे सांगितले ते धरले आणि त्यावर काम केले. स्वतः श्रद्धेने राहणारा माणूस दुसऱ्याच्या प्रश्नाला घाबरत नाही, एवढे यातून निश्चित दिसते.

२०१३ हे वर्ष या इतिहासातला शेवटचा टप्पा. २० ऑगस्टला पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. चमत्काराच्या नावाने फसवणूक करणे, आपल्यात अलौकिक शक्ती असल्याचे भासवून किंवा मागच्या जन्मीचे नाते सांगून लैंगिक शोषण करणे, हे त्याने गुन्हे ठरवले. वारी, कीर्तन, प्रदक्षिणा, हरिपाठ यांना मात्र त्याने हात लावलेला नाही. श्रद्धेवर हा घाला आहे असे म्हणणाऱ्यांनी कायद्याची अनुसूची दासबोधाच्या पाचव्या दशकातल्या दुसऱ्या समासाशेजारी ठेवून वाचावी. करामत आणि विषयलोभ ही ज्यांना रामदासांनी त्याज्य ठरवले, जवळपास त्यांनाच कायद्याने दंड सांगितला आहे. फरक एवढाच की कायदा अपराध झाल्यावर येतो. आधी सावध राहण्याचे काम तो करू शकत नाही. ते काम शिष्याचेच आहे, आणि आज ते पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे. पूर्वी सहवासाने गुरू कळत असे; आता मैदानावरची गर्दी, वाहिनीवरचे प्रवचन आणि मोबाइलवर फिरणारे अनुभव यांनाच लोक परिचय समजतात. गर्दी हा पुरावा नव्हे; ब्रह्मेंद्रस्वामींच्या पायाशी तर अख्खे राज्य होते. जुन्या परंपरेने दिलेले प्रश्न अजून पुरेसे आहेत: हा माणूस शिष्याकडून साधन मागतो की पैसा, देह आणि मौन मागतो? त्याला विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळते की धमकी? त्याला सोडून जाणाऱ्याचे पुढे काय होते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे भक्त आपल्या सोयीने देऊ शकतात. तिसऱ्याचे उत्तर सोडून गेलेल्यांनाच विचारावे लागते, आणि ज्या गुरूच्या दाराशी तसे विचारणाऱ्याला पाखंडी म्हणतात, तिथे दीक्षा घेण्याची घाई करू नये. असे थांबणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. रामदासांनी उपदेशाच्या आधी लक्षणे सांगितली ती याच थांबण्यासाठी.